प्राचीन कल्याण नगरी आणि तेथील आद्य ख्रिस्तमंडळी

दिल्लीहून मध्य रेल्वेने मुंबईस जाणाऱ्या आपणांपैकी बहुतेकांस कल्याण ठाऊक आहे ते जंक्शन म्हणून. कल्याण आले की बाकाखालच्या पेट्या ओढावयाच्या, मुलांना जागे करावयाचे आणि ‘आलीच मुंबई’ म्हणावयाचे, एवढाच आपला त्या गावाशी संबंध. परंतु ज्या काळी मुंबई हे नावही कोणाच्या कानी नव्हते, त्या काळी कल्याणचे नाव ग्रीक खलाशांच्या तोंडी होते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथाच्या अज्ञात कर्त्याने पश्चिम किनाऱ्यावरील बंदरे सांगताना सोपारा आणि कल्याण या दोहोंचा उल्लेख केला आहे. थोरल्या सातकर्णीच्या अमदानीत कल्याण ही राजमान्य पेठ होती. पुढे राजकीय संघर्षात तिची कोंडी झाली आणि तेथे लागणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जाऊ लागली, असे तो लिहितो. उल्हास नदीच्या खाडीवरील या नगरीचे वैभव घाटवाटांवर उभे होते. नाणेघाट चढून जुन्नर, आणि तेथून पैठणपर्यंत मालाची ने-आण चाले. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. जेथे व्यापार येतो, तेथे नाना देशांचे लोक येतात, आणि लोकांबरोबर त्यांचे देवही येतात.

या नगरीतील ख्रिस्ती वस्तीचा स्पष्ट उल्लेख येतो तो सहाव्या शतकात. कॉस्मास हा मूळचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी. इ. स. 550 च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या भूवर्णनात त्याने सिंहलद्वीप आणि मलबार येथील ख्रिस्ती मंडळींची नोंद केली असून, ‘कल्लियाना’ येथे इराणातून नियुक्त होऊन आलेला बिशप असतो, असे सांगितले आहे. तांबे, लाकूड आणि कापड ही तेथील निर्यात. हे स्थळ किनाऱ्यावर अन्यत्र शोधणारे विद्वानही आहेत. तथापि नामसादृश्य आणि व्यापाराची परंपरा पाहता ते आपले कल्याणच, असे अनेक अभ्यासक मानतात.

हे मान्य केल्यास एक गोष्ट लक्षात येते. पोर्तुगीज गलबते हिंदुस्थानास लागली ती 1498 मध्ये. म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती उपासना चालू होती ती त्यापूर्वी सुमारे साडेनऊशे वर्षे! ‘ख्रिस्ती धर्म म्हणजे फिरंग्यांनी आणलेला’ हे आपल्याकडील सरसकट विधान इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही.

या मंडळीचे पुढे काय झाले? कॉस्मासने त्या बिशपचे नावही दिलेले नाही. पडदा पुन्हा वर जातो तो एकदम 1321 साली, शेजारच्या ठाण्यात. त्या वर्षी टॉलेंटिनोचा थॉमस आणि त्याचे तीन फ्रान्सिस्कन सोबती ठाण्यास उतरले, ते तेथील नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडील सिरियाक परंपरेच्या, ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी. धर्मवादातून त्या चौघांची हत्या झाली. त्यांचा सहप्रवासी जॉर्डनस त्या वेळी बाहेरगावी होता. परतल्यावर त्याने त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. थोड्याच काळाने आलेल्या ओडोरिकने ठाण्यातील नेस्टोरियनांची घरे मोजली, ती भरली अवघी पंधरा. जेथे एकेकाळी बिशप नांदला, त्याच परिसरात पंधरा घरे! ज्यांची प्रार्थना सिरियाक भाषेत आणि धर्मगुरू दूरदेशीचा, त्या मंडळीची मुळे या मातीत किती खोल गेली असतील, हा प्रश्न मनात आल्याखेरीज राहत नाही.

त्यानंतरचा अध्याय वसईचा. 1534 मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि त्या भागात मोठ्या प्रमाणावर धर्मांतरे झाली. त्यांत सक्तीही होती, हे नाकारण्याचे कारण नाही. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. राज्य गेले, तरी वसईचा ख्रिस्ती समाज तेथेच राहिला. त्याच्या घरांत सामवेदी आणि वाडवळी या मराठीच्या बोली टिकल्या, लग्नातील गाणी टिकली. तिकडे गोव्यात, फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते 1616 मध्ये छापले गेले. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 2024 मध्ये ते निवर्तले, परंतु त्यांचे ‘सुबोध बायबल’ मराठी वाचकांच्या हाती आहे.

इतिहासाची गंमत पाहा. 1988 साली कल्याण येथे पुन्हा एक बिशप आला, आणि तोही पूर्वसिरियाक परंपरेचा! मुंबई-पुण्याकडे पोटापाण्यासाठी आलेल्या केरळीय सिरो-मलबार कुटुंबांसाठी हा धर्मप्रांत स्थापन झाला. परमुलखात गेलेल्या माणसाला आपली प्रार्थना, आपली माणसे आणि एकत्र जमण्यास एक छप्पर लागते, ही गरज कॉस्मासच्या काळापासून बदललेली नाही.

यमुनातीरीच्या नोएडात आपणही परमुलखातलेच. गणपती बसवावा, दिवाळी अंकांची देवघेव करावी, नाटक बसवावे, हे सारे मंडळाने पन्नास वर्षे निष्ठेने केले. परंतु मुलांच्या ओठी घरातही हिंदी-इंग्रजी रुळू लागली आहे, हे आपण सारे पाहतो. वसईकरांनी राज्ये बदलली तरी चुलीपाशी आपली बोली बोलणे सोडले नाही, आणि म्हणून त्यांचे मराठीपण कोणास हिरावून घेता आले नाही. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मंडळाच्या प्रत्येक घराने एवढाच धडा त्यांच्यापासून घ्यावा, ही नम्र विनंती.