वजाबाकीचे संगीत

वाद्यांचा इतिहास सांगताना आपण बहुधा देऊळ, दरबार आणि रंगभूमी या तीन जागी थांबतो. चौथी जागा रणांगणाची. तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. तरीही नगारा, ताशा, शिंग आणि कर्णा यांनी शतकानुशतके जी चाकरी केली, ती बरीचशी हुकमाची होती. कूच केव्हा, मुक्काम केव्हा, चढाई केव्हा आणि माघार केव्हा, हे सैन्याला वाद्ये सांगत. दिल्लीत नोकरीनिमित्त राहिलेल्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी २९ जानेवारीला विजय चौकात होणारा 'बीटिंग रिट्रीट'चा सोहळा, निदान त्याची आधी होणारी रंगीत तालीम, पाहिली असेल. आज आपण तो मावळतीच्या उन्हातला एक देखणा समारंभ मानतो. परंतु मुळात तो एक साधा हुकूम आहे : दिवस सरला, शस्त्रे आवरा, छावणीत परता.

हुकमाचे वाद्य कलेचे वाद्य होऊ लागले म्हणजे काय घडते? हुकमात चूक चालत नाही. कलेत केवळ चूक नसणे पुरत नाही. या दोन धर्मांचा झगडा जितका स्पष्टपणे अमेरिकेतील ढोल-बिगुल पथकांच्या इतिहासात दिसतो, तितका तो अन्यत्र क्वचितच दिसेल. आपल्याकडे या पथकांची फारशी ओळख नाही. म्हणून आधी त्यांचे स्वरूप सांगितले पाहिजे.

इंग्रजीत ज्यांना 'ड्रम अँड ब्यूगल कोअर' म्हणतात, ती ही पथके मुख्यतः विशीच्या आतबाहेरच्या मुलामुलींची असतात. जून ते ऑगस्ट हा त्यांचा मोसम. या काळात ती बसने गावोगाव हिंडतात, शाळांच्या व्यायामशाळांतून जमिनीवर पथाऱ्या टाकून निजतात, दिवसभर उन्हात सराव करतात आणि रात्री दिव्यांच्या झगझगाटात स्पर्धेला उतरतात. मैदान अमेरिकन फुटबॉलचे, १०० यार्ड लांबीचे. त्यावर दर ५ यार्डांवर पांढरी रेघ. दोन रेघांमधले अंतर बहुधा ८ पावलांत कापायचे, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचे. तोंडाशी पितळी वाद्य किंवा गळ्यात ढोल, पायाखाली मोजलेली जमीन, आणि सभोवती क्षणाक्षणाला बदलणाऱ्या आकृत्या! दहा-बारा मिनिटांचा हा खेळ बसवण्यात अर्धे वर्ष जाते.

मोसमाला आरंभ होण्यापूर्वी पुष्कळ पथके आपल्या गावी एक मैफल करतात. एखाद्या शाळेचे सभागृह असते, नाहीतर उघडे पटांगण. पथक अर्धवर्तुळात उभे राहते आणि यंदा बसवलेले नवे संगीत, पाऊलही न उचलता, वाजवून दाखवते. समोर आईबाप, शेजारीपाजारी, देणगीदार आणि पूर्वी याच पथकात वाजवून गेलेली, आता केस पिकलेली मंडळी. परीक्षक नसतो, गुण नसतात, प्रतिस्पर्धी नसतो. या साध्या मैफलीचे मोल समजायचे, तर मागे वळून शंभर वर्षांचा हिशेब पाहावा लागतो.

पहिले महायुद्ध संपले आणि लाखो अमेरिकन शिपाई घरी परतले. १९१९ साली स्थापन झालेली 'अमेरिकन लीजन' आणि तिच्याहून जुनी 'व्हेटरन्स ऑफ फॉरिन वॉर्स' या माजी सैनिकांच्या संघटनांनी गावोगाव शाखा काढल्या. लष्कराला नको झालेले बिगूल आणि ढोल स्वस्तात उपलब्ध होते. संचलनाची सवय अंगात मुरलेली होती. शाखाशाखांतून पथके उभी राहिली, आणि १९२१ साली कॅन्सस सिटी येथे लीजनच्या राष्ट्रीय अधिवेशनात त्यांच्या स्पर्धा झाल्या. पुढे शिपायांच्या मुलांची पथके निघाली. मग चर्चची, पोलीस दलांची, बालवीरांची निघाली. न्यू जर्सीतील गारफील्ड गावचे पथक १९३४ साली एका कॅथलिक चर्चच्या आश्रयाने उभे राहिले, तर शिकागोचे 'कॅव्हॅलियर्स' १९४८ साली डॉन वॉरन यांनी बालवीरांच्या तुकडीतून काढले. अनेक पथकांचा खर्च कशावर चाले, तर आपल्याकडील क्लबांतून ज्याला 'हाउजी' म्हणतात, त्या आकड्यांच्या खेळाच्या उत्पन्नावर. वस्तीतली मुले, वस्तीतला पैसा, वस्तीतलाच अभिमान, असा हा मामला होता.

ढोल वाजवण्याचे शास्त्र मात्र वस्तीपेक्षा फार जुने होते. १८१२ साली चार्ल्स स्ट्यूअर्ट अ‍ॅशवर्थ यांनी अमेरिकन सैन्यातील ढोलकऱ्यांसाठी एक पद्धतशीर पुस्तक प्रसिद्ध केले. १९३३ साली शिकागोत, लीजनच्याच अधिवेशनाच्या निमित्ताने जमलेल्या काही ढोलवादकांनी २६ मूलपाठ प्रमाण ठरवले. 'फ्लॅम', 'ड्रॅग', 'पॅराडिडल', 'रॅटमक्यू' ही त्यांची नावे तोंडाने म्हणून पाहावीत, म्हणजे आपल्या तबल्याच्या बोलांशी त्यांचे नाते चटकन कानाला पटते. बोल म्हणजे वाजवण्याआधी उच्चारलेला ठोका. तो जगभर सारखाच जन्माला येत असावा.

बिगुलाची अवस्था याहून बिकट होती. साध्या बिगुलाला कळ नसते. ओठांच्या ताणाने त्यातून मोजके स्वयंभू स्वर तेवढे निघतात. मुख्यतः सा, ग आणि प. इतक्या भांडवलावर छावणी उठवता येते, राग आळवता येत नाही. पथकांनी या दारिद्र्यातून एक-एक पायरी वाट काढली. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बिगुलाला एक झडप बसली, पुढे दुसरी आली. तिसरी झडप नियमांत बसायला १९९० साल उजाडावे लागले! कोणत्याही पट्टीचे पितळी वाद्य वापरण्याची मुभा मिळाली ती २००० साली. एकेका स्वरासाठी दशकानुदशके थांबणारे संगीत जगात विरळाच असेल. या विलंबाचे कारण कारागिराच्या असमर्थतेत नव्हते, कारण तीन झडपांची वाद्ये बाजारात केव्हाचीच मिळत होती. कारण होते नियमपुस्तकात.

आता या इतिहासाच्या गाभ्याकडे वळू. माजी सैनिकांच्या संघटनांनी स्पर्धेचे जे गणित घालून दिले, ते वजाबाकीचे होते. मैदानात उतरलेल्या पथकाच्या खाती पूर्ण गुण जमा असत, आणि प्रत्येक चुकीमागे एक दशांश गुण वजा होई. परीक्षक हातात फळी आणि पेन्सिल घेऊन वादकांच्या रांगांमधून चालत. एकाचे पाऊल चुकले, एकाचा ठोका मागे पडला, एकाच्या बिगुलाचा स्वर फाटला, की कागदावर एक खूण. या खुणेला 'टिक' म्हणत. झेंड्याला मानवंदना नियमाबरहुकूम झाली पाहिजे, गणवेश नीट असला पाहिजे. त्यातही उणे निघे. पथकाने काय साधले, याचीही नोंद सर्वसाधारण परिणामाच्या सदराखाली काही प्रमाणात होत असे. परंतु जयपराजयाचा भार मुख्यतः काय बिघडले यावर पडे.

सरकारी सेवेत ज्यांनी गोपनीय अहवालांचा जमाना पाहिला आहे, त्या आमच्या वाचकांना हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही. शेरा नसणे हाच उत्तम शेरा, अशी धारणा ज्या व्यवस्थेत रूढ होते, तेथे माणसे निर्दोष होतात. परंतु ती नवे काही करीत नाहीत. अवघड आकृती बसवली तर चुका वाढणार, चुका वाढल्या तर गुण जाणार. मग शहाणा शिक्षक सोपीच आकृती बसवणार. मैदानाची डावी बाजू उजवीची प्रतिमा, ही सममिती दीर्घकाळ टिकून राहिली, त्याला ही भीतीही कारणीभूत होती. तथापि दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. याच कठोर हिशेबाने ढोलकऱ्यांचे हात असे तयार झाले की दहा जणांचा ठोका एकाचा वाटावा. वजाबाकीने कारागीर घडवले, हे तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

१९७१ साली ठिणगी पडली. व्हिएतनामचे युद्ध चालू होते आणि देश दुभंगलेला होता. त्या वर्षी गारफील्डच्या मुलांनी 'युद्ध पुरे' या आशयाचा कार्यक्रम बसवला आणि मैदानावर चालता चालता शांतीचे चिन्ह रेखले. युद्धातून परतलेल्यांनी उभारलेल्या खेळात, युद्धाच्याच वाद्यांवर, त्यांच्या नातवंडांच्या वयाची मुले हे बोलत होती! त्याच सुमारास पथकांच्या संचालकांचा व्यावहारिक असंतोषही शिगेला पोहोचला होता. स्पर्धा आमच्यामुळे भरतात, मग मिळकतीत आमचा वाटा का नसावा? परीक्षण कसे व्हावे, हे ठरवताना आम्हांला मत का नसावे? मध्य-पश्चिमेकडील आणि पूर्वेकडील काही प्रमुख पथकांनी आपापले संघ केले. डॉन वॉरन आणि वायोमिंगमधील 'ट्रूपर्स' पथकाचे जिम जोन्स हे या चळवळीचे पुढारी होते. त्यातून 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' ही वादकांच्या बाजूची संस्था जन्माला आली, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर या लहानशा गावी तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. कॅलिफोर्नियातील 'अ‍ॅनाहाइम किंग्जमेन' हे पथक तीत विजयी ठरले.

सत्ता बदलली, तरी गणित लगेच बदलले नाही. जुन्या कचेरीत नवा साहेब आला तरी नमुने तेच राहतात, तसेच येथे झाले. आणखी अकरा मोसम टिकची पेन्सिल चालत राहिली, आणि १९८४ साली ती गेली. शून्यातून वर चढत, साधलेल्या गोष्टींचे गुण मिळवण्याची रीत आली. त्या वर्षी अजिंक्यपद मिळवले ते गारफील्डच्याच पथकाने, लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या 'वेस्ट साइड स्टोरी'तील संगीतावर. जॉर्ज झिंगाली या रचनाकाराने त्यांच्यासाठी बांधलेल्या आकृत्यांनी जुनी सममिती मोडून टाकली होती. रांगा वितळत, वळत, दुसऱ्याच रूपात उभ्या राहत. वजाबाकीच्या राज्यात असे धाडस करणाऱ्याला कागदावर खुणाच खुणा मिळाल्या असत्या.

येथे कथा संपवली, तर ती सुखान्त होईल. परंतु पूर्ण होणार नाही. स्वातंत्र्याबरोबर महत्त्वाकांक्षा वाढली आणि तिच्याबरोबर खर्च वाढला. रचनाकार, शिक्षक, बसगाड्या, वाद्ये. २००४ पासून ध्वनिवर्धक आणि २००९ पासून विजेवर चालणारी वाद्ये. हाउजीच्या उत्पन्नावर हे पेलणारे नव्हते. एके काळी देशभर शेकडो पथके होती. आता मैदानी स्पर्धेत उतरणारी काही डझनच उरली आहेत. मोठ्या पथकांत आज दूरदूरच्या राज्यांतून निवडून आलेली मुले असतात, आणि एका उन्हाळ्यासाठी त्यांना हजारो डॉलर फी भरावी लागते. ज्या चर्चच्या अंगणात, ज्या पोलीस चौकीच्या आवारात पथक जन्मले, तेथील मुलाला त्यात जागा मिळेलच असे नाही. गारफील्डच्या ज्या पथकाचा वर तीनदा उल्लेख आला, ते गाव सोडून केव्हाच बाहेर पडले होते; एका न्यायालयीन दाव्याचा आणि पैशाचा बोजा न पेलून २०२४ साली ते बंद झाले. नव्वद वर्षांची परंपरा थांबली.

तेव्हा हिशेब असा मांडावा लागतो : वजाबाकीने कौशल्य दिले आणि कल्पनेला कोंडले, बेरजेने कल्पनेला मोकळे केले आणि वस्तीला परके केले. कोणता काळ बरा, असा कौल आम्ही देणार नाही; इतिहासाचे ते काम नव्हे. परंतु पुण्याच्या नदीकाठी गणपतीच्या आधी सराव करणारी ढोल-ताशा पथके ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हा हिशेब सर्वस्वी परका वाटू नये. ढोल वाजतो कोणाच्या हातांनी, आणि तो ऐकण्याचा पहिला अधिकार कोणाचा, हा प्रश्न तेथेही उभा राहू शकतो.

मोसमापूर्वीच्या मैफलीचे मोल येथे कळते. वर्षभरात ही एकच वेळ अशी, की वजाबाकी नाही आणि बेरीजही नाही. जे वाजते ते अपुरे असते. पुष्कळदा शेवटचा भाग बांधून झालेला नसतो. जून-जुलैत परीक्षकांचे शेरे येतील तसतशा जागा बदलतील, काही गाळल्या जातील, काही अधिक भरतील. ऑगस्टमध्ये हजारो लोक जे ऐकतील ते या संध्याकाळी वाजलेले संगीत नसेल. गावाच्या सभागृहात बसलेल्या शे-दोनशे माणसांनी ऐकलेला तो पहिला मसुदा पुन्हा कोठेही वाजत नाही, आणि त्याला गुण देण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. मुले उभी असतात, माणसे ऐकतात, आणि मग बसगाड्या भरून पथक मोसमाच्या वाटेला लागते.