लाल झाकणाची कुपी

अमेरिकेत टेनेसी राज्याच्या नॅशव्हिल शहरात व्हँडरबिल्ट विद्यापीठाचं मोठं रुग्णालय आहे. २६ डिसेंबर २०१७ च्या दुपारी तिथे काय झालं, ते नंतर केंद्र सरकारच्या तपासणी अहवालातून आणि कोर्टातल्या साक्षींतून मिनिटांच्या हिशेबाने बाहेर आलं. रुग्ण ७५ वर्षांच्या एक बाई होत्या. नर्सचं नाव रडॉन्डा वॉट.

२४ डिसेंबर

बाईंना मेंदूत रक्तस्राव झाला म्हणून आणलं. डोकं दुखत होतं, दृष्टीवर परिणाम झाला होता. न्यूरो आयसीयूत ठेवलं आणि दोन दिवसांत तब्येत सुधारू लागली. बोलत होत्या, शुद्धीवर होत्या. आयसीयूतून बाहेर हलवण्याची भाषा सुरू झाली होती.

२६ डिसेंबर, दुपार

घरी सोडण्याआधी रक्तस्रावाचं कारण शोधायला पेट स्कॅन ठरला आणि बाईंना खाली रेडिओलॉजीत नेलं. या तपासणीत अरुंद बोगद्यात निपचित पडून राहावं लागतं. बाईंना बंद जागेची भीती वाटायची. आधी शिरेतून किरणोत्सारी द्रव्य देऊन बराच वेळ थांबावं लागतं, म्हणून ऐन वेळी परत पाठवणं सोपं नसतं. भीती घालवायला काहीतरी द्या, असा निरोप वर गेला.

२ वाजून ४७ मिनिटं

डॉक्टरांची ऑर्डर आली. व्हर्सेड, शिरेतून, २ मिलिग्रॅम; त्यातलं आधी १ द्यायचं.

व्हर्सेड हे बाजारातलं नाव, औषध मिडाझोलॅम. मेंदूत गाबा नावाचं रसायन चेतापेशींना शांत करत असतं, त्याच्या कामाला हे औषध जोर देतं. धास्ती उतरते, झापड येते, मधल्या वेळातलं पुष्कळसं आठवतही नाही. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला याच्याबरोबर आणखी एक गोष्ट घोकायला लावतात: श्वास मंदावू शकतो, तेव्हा शिरेतून दिलं की जवळ थांबायचं, श्वास मोजायचे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावायचा. ही शिस्त बरोबर औषधासाठी आहे. त्या ऑर्डरीत देखरेखीचा उल्लेख नव्हता.

२ वाजून ४९ मिनिटं

रुग्णालयाच्या फार्मासिस्टने ऑर्डर तपासून मंजूर केली. म्हणजे या क्षणापासून बरोबर औषध बाईंच्या नावावर कपाटात उपलब्ध होतं. फक्त त्याची नोंद मिडाझोलॅम या मूळ नावाने होती. पुढची दहा मिनिटं वाचताना हे विसरायचं नाही.

२ वाजून ५९ मिनिटं

वॉट त्या दिवशी कुठे मदत लागेल तिथे धावणाऱ्या नर्स होत्या. सोबत एक नवी नर्स शिकायला होती आणि तिच्याशी पुढच्या एका तपासणीबद्दल बोलणं चाललेलं. समोर संगणकाला जोडलेलं औषधांचं कपाट. आपल्याकडे बहुतेक वॉर्डांत ट्रॉली आणि इंडेंटची वही असते. तिथे पडद्यावर नाव टाकलं की नेमका खण उघडतो.

बाईंच्या यादीत त्यांनी व्हर्सेड शोधलं. सापडलं नाही. मग ओव्हरराइड केलं, म्हणजे मंजूर यादी बाजूला ठेवून कपाटातलं कुठलंही औषध काढायची सोय वापरली. शोधात इंग्रजी व्ही आणि ई ही दोनच अक्षरं टाकली आणि यादीत वर आलेलं नाव निवडलं. ते होतं व्हेक्युरोनियम. ते मूळ नावानेच नोंदलेलं असतं, म्हणून चटकन सापडलं. पडद्यावर सूचना आल्या, त्या मागे पडल्या.

ओव्हरराइड असतं जीव जायची वेळ आली तर. पण रुग्णालयाने नुकतीच नवी संगणकप्रणाली आणली होती, कपाटं आणि प्रणाली यांचा मेळ नीट बसत नव्हता, आणि ही सोय तिथे रोजची झाली होती, असं वॉट यांनी नर्सिंग बोर्डापुढे सांगितलं. आगीच्या वेळी फोडायची काच सवयीने दाराची कडी झाली होती. तरीही काच फोडणाऱ्याने बाहेर काय आहे ते बघायचं असतं, आणि इथे माझी सहानुभूती थोडी कमी पडते.

कारण पुढचं सगळं त्यांच्या हातात होतं. मिडाझोलॅम तयार पातळ स्वरूपात येतं. व्हेक्युरोनियम पांढरी भुकटी असते, पाणी घालून विरघळवावी लागते. भुकटी बघून वॉट यांना वेगळं वाटलं, असं त्यांनीच नंतर सांगितलं. कसं विरघळवायचं ते बघायला त्यांनी कुपी फिरवली आणि पाठचा मजकूर वाचला. पुढचं नाव वाचलं नाही. झाकण लाल होतं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत इशारा छापलेला होता: स्नायू लुळे पाडणारं औषध. सुई खुपसायची जागा त्या झाकणाखालीच असते.

तीनच्या सुमारास

खाली रेडिओलॉजीच्या प्रतीक्षाकक्षात बाई वाट बघत होत्या. तिथे औषधाचा बारकोड तपासायचं यंत्र नव्हतं. वर आयसीयूत ते होतं. वॉट यांनी इंजेक्शन दिलं.

व्हेक्युरोनियम मेंदूपर्यंत पोचत नाही. चेतातंतू जिथे स्नायूला भिडतो, तिथे ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायू आकसतो. स्नायूवरच्या ज्या जागांवर ते बसायला हवं, त्या जागा हे औषध अडवून ठेवतं. डोळ्यांचे आणि चेहऱ्याचे लहान स्नायू आधी जातात, मग हातपाय, मग श्वासपटल. ऑपरेशनच्या टेबलावर हे रोज दिलं जातं, पण तिथे रुग्ण आधी झोपवलेला असतो, घशात नळी असते आणि श्वास यंत्र घेत असतं. शुद्ध, वेदना, भीती यांतल्या कशालाच ते हात लावत नाही. १९४७ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात अमेरिकेतले डॉक्टर स्कॉट स्मिथ यांनी याच जातीचं औषध, क्युरारेपासून काढलेलं, जागेपणी स्वतःला टोचून घेतलं. पूर्ण लुळे पडले, सहकाऱ्यांनी कृत्रिम श्वास देत ठेवला. उतरल्यावर त्यांनी सांगितलं की सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. लहान मुलांना भूल म्हणून नुसतं क्युरारे देणारे डॉक्टर त्यापूर्वी होते, आणि मूल हलत नाही म्हणजे त्याला दुखत नाही असं मानत होते.

बाई घाबरू नयेत म्हणून औषध द्यायचं होतं.

तीन ते साडेतीन

इंजेक्शन झालं आणि वॉट नव्या नर्सबरोबर पुढच्या कामाला निघून गेल्या. एका रुग्णाची गिळण्याची तपासणी व्हायची होती.

सगळ्या घटनाक्रमात मला याच अर्ध्या तासापाशी थांबावंसं वाटतं. खटल्यात आणि बातम्यांत लाल झाकण गाजलं, दोन अक्षरं गाजली. पण समजा कुपी बरोबर असती. तरी ७५ वर्षांच्या, मेंदूत रक्तस्राव झालेल्या बाईंना शिरेतून झापडीचं औषध देऊन एकटं सोडलं, असंच म्हणावं लागलं असतं. उलटही खरं आहे. कुपी चुकीचीच असती, पण शेजारी कुणी दोन-तीन मिनिटं थांबलं असतं, तर छाती हलत नाही हे दिसलं असतं. तोंडावर मास्क धरून फुगा दाबत राहायचं, एवढा पहिला उपाय आहे. त्यावर उतारा म्हणून निओस्टिग्मिन आहे, सुगामाडेक्स आहे. उतारा मिळेपर्यंत श्वास देत राहिलं तरी माणूस जगतो, कारण हे औषध साधारण अर्ध्या-पाऊण तासात आपोआप उतरू लागतं. मेंदूला मात्र ऑक्सिजनशिवाय मोजून चार-पाच मिनिटं मिळतात.

तंत्रज्ञ कॅमेऱ्यातून बघत होते. बाईंचे डोळे मिटलेले दिसत होते. शांत पडल्या आहेत असंच वाटलं. श्वास चालू आहे की नाही हे कळेल इतकं ते चित्र स्पष्ट नव्हतं.

साडेतीनच्या सुमारास

बाईंना न्यायला आलेल्या कर्मचाऱ्याच्या लक्षात आलं की त्या श्वास घेत नाहीत. कोड, म्हणजे जीव वाचवायला सगळ्यांना बोलावणारी आणीबाणीची घोषणा, पुकारला गेला. छाती दाबणं सुरू झालं, घशात नळी गेली, हृदय पुन्हा चालू झालं. घोषणा ऐकून वॉट धावत आल्या.

पावणेचारच्या आसपास

बाई परत न्यूरो आयसीयूत. दुसऱ्या एका नर्सने उरलेल्या औषधाची, पिशवीत ठेवलेली कुपी वॉट यांच्यासमोर धरली आणि हेच दिलंत का म्हणून विचारलं. वॉट यांनी तिथेच डॉक्टरांना सांगितलं की चूक माझी आहे. काही लपवलं नाही, पुढेही कधी नाही.

२७ डिसेंबर, रात्री एकच्या सुमारास

मेंदू गेल्याची लक्षणं स्पष्ट झाली होती. कुटुंबाच्या संमतीने यंत्रं काढली आणि बाई गेल्या. इंजेक्शनला अजून अर्धा दिवसही उलटला नव्हता.

त्यानंतर

मृत्यूची नोंद मेंदूतल्या रक्तस्रावाने आलेला नैसर्गिक मृत्यू अशी झाली. व्हेक्युरोनियमचा उल्लेख मृत्यूची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापर्यंत पोचला नाही. जानेवारी २०१८ मध्ये वॉट यांना नोकरीवरून काढलं, कुटुंबाशी रुग्णालयाने कोर्टाबाहेर तडजोड केली. ऑक्टोबरमध्ये एक निनावी तक्रार गेली, केंद्राचे तपासनीस अचानक येऊन दाखल झाले, आणि तेव्हा जगाला कळलं. दाखल्यावरचं मृत्यूचं कारण २०१९ मध्ये बदललं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत वॉट यांना अटक झाली. २०२१ मध्ये परवाना गेला. २५ मार्च २०२२ ला ज्युरीने त्यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरवलं. त्याहून गंभीर असलेला बेदरकारपणाचा आरोप मात्र मान्य केला नाही. मे महिन्यात तीन वर्षांची परिवीक्षा मिळाली, तुरुंग नाही. कोर्टाबाहेर शेकडो परिचारिका उभ्या होत्या. कबूल केलेली चूक गुन्हा ठरली तर उद्या कबूल कोण करेल, हा त्यांचा सवाल होता आणि तो खोटा नव्हता. रुग्णालयातल्या दुसऱ्या कुणावरही फौजदारी खटला भरला गेला नाही.

शेजारच्या केंटकी राज्याने २०२४ मध्ये कायदा करून आरोग्यसेवेत नकळत झालेल्या चुकांना फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिलं. औषधसुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेने कपाटं बनवणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की ओव्हरराइड करताना औषधाची निदान पाच अक्षरं टाकल्याशिवाय यादी दाखवू नका. काही कंपन्यांनी तशी सोय दिली. ती चालू करायची की नाही, हे ज्या त्या रुग्णालयाने ठरवायचं आहे.