संकट येते, जोखीम घेतली जाते

पर्यायशब्दांच्या कोशात संकट, धोका, जोखीम, भय हे शब्द एका ओळीत बसवलेले असतात. विद्यार्थी त्यांतला कोणताही उचलतो आणि वाक्य बहुधा निभावून जाते. या ओळीविषयी आम्हांला शंका आहे, आणि ती अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या आधाराने तपासून पाहावीशी वाटते.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशास सिद्ध झाली. त्या काळच्या मराठीत संकटाला ‘सांकडें’ असा शब्द होता. संस्कृत ‘संकट’ म्हणजे मुळात अरुंद, चिंचोळे. माणसाला दोन्ही अंगांनी आवळणारी वाट. ‘देवाला साकडे घालणे’ या प्रयोगात तो शब्द अजून तग धरून आहे. अडचण कुणी निवडलेली नसते, म्हणून तर ती देवापुढे ठेवायची!

१४९० मध्ये याच मुलखात निजामशाही उभी राहिली. दख्खनच्या सुलतानशाह्यांच्या काळात फारसी मराठीत मुरली. ‘विमा’ हा त्याच फारसी घराण्यातला शब्द. त्याचे मूळ ‘बीम’, म्हणजे भय. आणि हा ‘बीम’ संस्कृत ‘भी’ धातूचा दूरचा भाऊबंद. विमा उतरवणारा आपण भय उतरवतो आहोत हे विसरलेला असतो, एवढेच.

‘जोखीम’ मात्र पेढीवरचा शब्द. मौल्यवान ऐवजालाही जोखीमच म्हणतात. ‘जोखमी हुंडी’ची रक्कम माल सुखरूप पोचला तरच देय होई, माल वाटेत बुडाल्यास हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसे बुडत. त्याने ते मोबदला ठरवून, जाणूनबुजून पत्करलेले असे. क्रियापदांकडेच पाहावे: संकट येते, कोसळते, धोका असतो, संभवतो, जोखीम घेतली जाते.

आता पाथर्डी, कर्जत, जामखेडचा कोरडवाहू शेतकरी घ्या. १९७२ चा दुष्काळ तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात आजही येतो. २०१६ पासूनच्या पीक विमा योजनेच्या शासननिर्णयांत ‘जोखीमस्तर’ हा शब्द भेटतो. विमा कंपनीपुरता तो अचूक आहे. हप्ता घेऊन जोखीम तीच पत्करते. परंतु याच भाषेच्या वळणाने अवर्षणाला ‘शेतीतील जोखीम’ म्हटले, की न पडलेला पाऊस हा जणू शेतकऱ्याचाच सौदा ठरतो. तिथे आम्ही ‘संकट’ हाच शब्द ठेवू.