आधी 'कुठे', मग 'का': मिसिंग करणारी गाडी आणि इतिहासातली कारणं

पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्ये एक ठरलेलं प्रकरण असतं: 'कारणे'. राजकीय, सामाजिक, आर्थिक, धार्मिक आणि शेवटी तात्कालिक. पाच मथळे, प्रत्येकाखाली चार-चार मुद्दे. नेट-पेटची तयारी करणाऱ्यांना ही यादी झोपेतही म्हणता येते. मुलाखतीत समोरचे गाइड मात्र एकच प्रश्न विचारतात: "यातलं नेमकं कोणतं कारण लागू पडलं, आणि हे तुम्हाला कसं कळलं?" तिथे बरेच जण अडकतात.

हा प्रश्न समजून घ्यायला आज मी गॅरेजमधलं उदाहरण घेतोय. जुनी गाडी, बरेच महिने एका जागी उभी, आता सुरू केली तर मिसिंग मारते. म्हणजे इंजिन चालू आहे, पण एखादा सिलिंडर पेट घेत नाही, गाडी थरथरते, चढावर दम तोडते. उदाहरण हेच घेण्याचं कारण म्हणजे इतिहासाच्या तत्त्वज्ञानातल्या एका मोठ्या माणसाने 'कारण म्हणजे काय' हे सांगताना नेमकी अशीच गाडी वापरली आहे.

कॉलिंगवूडची गाडी

आर. जी. कॉलिंगवूड हे नाव 'द आयडिया ऑफ हिस्टरी'मुळे तुमच्या ओळखीचं असेल. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९४६ मध्ये आलं. त्याआधी १९४० मध्ये त्यांचं 'अ‍ॅन एसे ऑन मेटाफिजिक्स' प्रसिद्ध झालं होतं. त्यातला प्रसंग थोडक्यात असा: गाडी चढावर चढेना. रस्त्याने जाणारा एक जण समजावतो की टेकडीचा माथा पृथ्वीच्या केंद्रापासून जास्त लांब असतो, म्हणून वर जायला जास्त ताकद लागते. बोलणं शंभर टक्के खरं, पण उपयोग शून्य. मग वाहनचालकांच्या संघटनेचा मदतनीस येतो, बॉनेट उघडतो, प्लगची सुटलेली वायर हातात धरून दाखवतो आणि सांगतो की गाडी तीनच सिलिंडरवर चालली आहे. प्रश्न मिटला.

कॉलिंगवूडचा मुद्दा असा की व्यवहारात आपण 'कारण' त्यालाच म्हणतो ज्याला आपला हात पोहोचतो. ते गमतीने पुढे म्हणतात, की पाय आपटून टेकडी सपाट करता येणारा कोणी असता तर त्याच्यासाठी टेकडी हेच कारण ठरलं असतं.

आता तुमच्या सिनॉप्सिसमधली 'कारणे' पुन्हा वाचा. त्यात टेकड्या किती आणि सुटलेल्या वायरी किती?

मेकॅनिक 'का' विचारत नाही, 'कुठे' विचारतो

थंड देशांत हिवाळाभर गाडी झाकून ठेवायची पद्धत आहे, कारण तिथे बर्फ असतो आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. नागपुरात गाडी उभी राहते ती वेगळ्या कारणांनी. पोरं पुण्याला किंवा परदेशात, उन्हाचा पारा ४५ च्या पुढे, किंवा २०२० च्या मार्चमध्ये लागलेला लॉकडाऊन. त्या वर्षी आख्खा उन्हाळा तापलेल्या आणि मग पावसात भिजलेल्या किती गाड्या इथल्या गल्ल्यांमध्ये उभ्या होत्या, ते आठवून बघा.

अशी एखादी प्रीमियर पद्मिनी घ्या. मूळची फियाट ११००, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, चार सिलिंडर, १०८९ सीसी, कार्बोरेटरवाली. ती मिसिंग मारत असेल तर शक्यता ढीगभर. पेट्रोल जुनं झालंय. जेटमध्ये कचरा आलाय. सीबी पॉइंटवर गंज चढलाय. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात ओल धरलीय. उंदराने वायर कुरतडलीय. एखादा व्हॉल्व्ह चिकटलाय. यादी करायला बसलात तर सिनॉप्सिसचं प्रकरण तयार.

जुना मेकॅनिक यादी करत नाही. तो इंजिन चालू ठेवून, रबरी मुठीच्या पक्कडीने, एकेका प्लगची वायर काढून पाहतो. (उच्च दाबाचा करंट असतो, उघड्या हाताने करू नका.) चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिनचा आवाज पडतो. मेलेल्या सिलिंडरची काढली तर काहीच फरक पडत नाही. जिथे फरक पडला नाही, तिथे दोष.

म्हणजे तो आधी 'कुठे' ठरवतो. 'का' नंतर.

आणि 'कुठे' ठरलं की अर्धी यादी आपोआप गळते. चारही सिलिंडरना समान असलेल्या गोष्टी कोणत्या? टाकीतलं पेट्रोल, कार्बोरेटर, कॉइल, सीबी पॉइंट, कंडेन्सर, बॅटरी. एकेकाची स्वतंत्र गोष्ट कोणती? प्लग, त्याची वायर, टोपणातला त्याचा टोक, त्याचे व्हॉल्व्ह आणि रिंगा. एकच सिलिंडर मेला असेल तर समान गोष्टींवर खापर फोडता येत नाही, कारण तेच पेट्रोल पिऊन बाकीचे तीन नीट चालले आहेत. चारही अधूनमधून चुकत असतील तर मात्र समान गोष्टींकडे वळायचं.

पुढची पायरी अदलाबदलीची. मेलेल्या सिलिंडरचा प्लग शेजारच्यात, शेजारचा इथे. दोष प्लगसोबत गेला तर दोष प्लगचा. जागीच राहिला तर वायर तपासा, मग कम्प्रेशन. कम्प्रेशन कमी भरलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात, कारण ऑइलने त्यांची फट तेवढ्यापुरती बुजते. नाही वाढला तर संशय व्हॉल्व्हवर. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर मधलं हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यायची.

प्रत्येक चाचणीचं उत्तर काय आलं तर काय वगळायचं, हे चाचणी करण्याआधीच ठरलेलं असतं. संशोधनपद्धतीच्या पेपरात जॉन स्टुअर्ट मिलची 'भेदपद्धती' (१८४३) वाचली असेल, ती हीच.

हेच १८७५ ला लावून पाहू

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली आणि कर्जाचे रोखे जाळले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या इतर काही गावांतही तसंच झालं. या 'दख्खनच्या दंग्यां'ची कारणं पाठ्यपुस्तकात कशी येतात? अमेरिकन यादवी युद्ध १८६५ ला संपलं, कापसाचा भाव कोसळला, सारा वाढला, १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे रोखे पुन्हापुन्हा लिहून घेतले गेले, सावकारी पाश आवळला.

यातलं एकही खोटं नाही. पण आता प्लगची वायर काढून बघा. कापसाचा भाव वऱ्हाडातही कोसळला, आणि वऱ्हाड तर कापसाचाच मुलूख. तिथे १८७५ ला असा उठाव का नाही? बरं, वऱ्हाडचं प्रशासन वेगळं होतं म्हणा. मग पुणे-नगरमधलीच बहुसंख्य गावं शांत का राहिली? तिथे तोच सारा, तोच कायदा, तोच बाजार.

म्हणजे भाव कोसळणं हे टाकीतलं पेट्रोल आहे. सगळ्यांनी तेच प्यायलं. एक गाव पेटलं आणि शेजारचं नाही, याचं उत्तर त्या गावाच्या स्वतःच्या गोष्टींमध्ये शोधावं लागेल: सावकार कोण होता, बाहेरून आलेला की गावातलाच, पाटलाचं त्याच्याशी कसं होतं, रोखे कुणाच्या नावावर होते. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये या दंग्यांना 'मिथक' म्हणत त्यांचा आवाका आणि परिणाम दोन्ही फुगवले गेल्याचं मांडलं. त्यांच्याशी सहमत व्हा वा होऊ नका, पण 'नेमकं कुठे आणि किती' हा प्रश्न 'का'च्या आधी विचारायची शिस्त त्या लेखात दिसते.

इथे एक सावधगिरी. प्लगला मन नसतं, रयतेला असतं. कॉलिंगवूड स्वतः हा भेद करतात. माणसांच्या बाबतीत 'कारण' म्हणजे त्यांना कृती करायला लावणारा हेतू. म्हणून गॅरेजची पद्धत आपल्याला योग्य गावापर्यंत नेऊन सोडते. त्या गावातल्या माणसांनी रोखेच का जाळले, हे समजायला त्यांच्या डोक्यात शिरावं लागतं, आणि तिथे पक्कड चालत नाही.

गाडी एका काळाची, पेट्रोल दुसऱ्या काळाचं

आता नागपुरात रोज ऐकू येणारं वाक्य: "इथेनॉलमुळे गाडी बिघडली." या शहरात तो विषय घरचा आहे. नितीन गडकरी इथले खासदार, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये इथेनॉलवर धावणारी हिरवी बस इथेच रस्त्यावर आली. २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणावरून वाद पेटला तेव्हा प्रत्येक चहाच्या टपरीवर एक तज्ज्ञ होता.

इतिहासाचा विद्यार्थी यात काय करू शकतो? पहिलं काम कालक्रम लावण्याचं. पद्मिनीचं इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं. देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं १ फेब्रुवारी २००० पासून. महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात जानेवारी २००३ मध्ये. देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला जून २०२२ ला. २० टक्केवालं पेट्रोल पंपांवर यायला लागलं फेब्रुवारी २०२३ पासून. म्हणजे "आमच्या वेळचं पेट्रोल" ही एक गोष्ट नाहीच. गाडी कधीपासून उभी होती, टाकीत कधीचं पेट्रोल होतं, हे विचारल्याशिवाय आरोप ठेवता येत नाही.

दुसरं काम: कारण आणि परिणाम यांच्यामधला रस्ता दाखवणं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पाणी मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. जुन्या रबराला, म्हणजे पंपाच्या पडद्याला आणि नळ्यांना, ते मानवेलच असं नाही. हे सगळं खरं. पण हा रस्ता समान भागांतून जातो, तेव्हा त्याची खूण चारही सिलिंडरवर दिसली पाहिजे. उलट, नुसतं जुनं झालेलं पेट्रोलही डिंक सोडतं आणि जेट तुंबवतं, त्यात इथेनॉल असो वा नसो. एकच सिलिंडर मेलाय आणि त्याची वायर उंदराने खाल्लीय, तर इथेनॉल निर्दोष.

मात्र एक गुंता उरतो, आणि तोच खऱ्या संशोधनाचा भाग आहे. समान ताण सर्वांत कमकुवत जागी आधी दिसतो. मिश्रण थोडं पातळ झालं तर ज्या सिलिंडरचा प्लग आधीच झिजलेला आहे तोच पहिला चुकतो. मग दोष प्लगचा की पेट्रोलचा? दोन्हींचा, पण "दोन्हींचा" म्हणून थांबायचं नाही. प्लग बदलून पाहा, मग जुना प्लग ठेवून पेट्रोल बदलून पाहा. इतिहासात प्रयोग करता येत नाही, म्हणून तिथे दुसरं गाव, दुसरा तालुका, दुसरं वर्ष शोधावं लागतं. तुलना हाच आपला प्रयोग.

कान, मीटर आणि कोड

दोष ओळखण्याच्या कामालाही इतिहास आहे. श्टेफान क्रेब्स या अभ्यासकाने १९५० ते १९८० या काळात जर्मन गॅरेजमध्ये तपासणीची यंत्रं आली तेव्हा मेकॅनिकांच्या कानाचं आणि हाताचं काय झालं, यावर २०१४ मध्ये सविस्तर लिहिलं. भारतातल्या रोजच्या यंत्रांसाठी डेव्हिड अर्नोल्ड यांचं 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (२०१३) वाचा. शिलाई मशीन, सायकल, टाइपरायटर यांचा इतिहास आहे, पण मोटारीच्या गॅरेजवर काम करायला अजून भरपूर जागा आहे.

आजच्या गाडीला स्कॅनर लावला की कोड येतो. पी-०३०३ म्हणजे तिसरा सिलिंडर मिसफायर, पी-०३०० म्हणजे ठरावीक एक नाही, इकडे-तिकडे. संगणक हे कसं ओळखतो? क्रँकशाफ्टच्या फिरण्याचा वेग कुठल्या क्षणी किंचित पडला, त्यावरून. म्हणजे पक्कडीने वायर काढणाऱ्या मेकॅनिकसारखाच तोही फक्त 'कुठे' सांगतो. तरीही अनेकदा कोड पाहून थेट कॉइल बदलली जाते, आणि दोष व्हॉल्व्हमध्ये निघतो.

अभिलेखागारातली सूचीही अशीच असते. 'सावकारी - दंगा - १८७५' असं फाइलीवर लिहिलेलं असतं, आणि आपण ते कारण म्हणून उचलतो. ते कारण नाही, तो कारकुनाने दिलेला पत्ता आहे.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना एक करून पाहा. 'कारणे' लिहिण्याआधी एका कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे तुमच्या घटनेच्या वेळी सगळ्यांना समान असलेल्या गोष्टी, उजवीकडे फक्त त्या गावाच्या, त्या गटाच्या, त्या वर्षाच्या गोष्टी. मग असं एक ठिकाण शोधा जिथे डावा रकाना तोच आहे, पण घटना घडली नाही. ते ठिकाण सापडलं की गाइडच्या प्रश्नाला उत्तर द्यायला तुमच्या हातात काहीतरी असेल. नाही सापडलं, तर डाव्या रकान्यातलं काहीही 'मुख्य कारण' म्हणून लिहू नका.