मठातील आचारी

भगिनींनो, ‘घरीच तर असता!’ हे आपण सर्वांनीच ऐकले आहे. म्हणून ब्रदर लॉरेन्स या ख्रिस्ती आचाऱ्याची हकिगत सांगते.

लढाईत पायाला जखम झालेला हा फ्रेंच शिपाई पुढे एका घरी नोकरीस राहिला. तेथे हातून वस्तू फार फुटत. १६४० साली पॅरिसच्या कार्मेलाइट मठात तो सेवक बंधू झाला. काम मिळाले स्वयंपाकघराचे, आणि त्याचाच त्याला मनापासून कंटाळा! (हे वाचून मला हायसे वाटले.) तरी पंधरा वर्षे त्याने तेच केले. तव्यातले आम्लेट उलटायचे तेही देवाच्या प्रेमाखातर. देव कामाचा थोरपणा पाहत नाही, त्यामागचे प्रेम पाहतो, ही त्याची श्रद्धा. प्रार्थनेत लाभणारी शांती त्याला भांड्यांच्या खडखडाटातही लाभे. मोठमोठे धर्मगुरू त्याच्याशी बोलावयास येत. तो १६९१ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची पत्रे छापून निघाली.