टेल्को, १९८९ : शनिवारवाड्यासमोरचे उपोषण

'भावनिक बुद्धिमत्ता' ही संज्ञा आज पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणवर्गांत सर्रास ऐकू येते. सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी तिची मांडणी १९९० साली केली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने ती जगभर पोहोचवली. तिच्या अभावाची किंमत या पट्ट्याने मात्र त्याआधीच मोजली होती. त्याविषयीचा हा थ्रेड. 🧵

टेल्कोचा (आजची टाटा मोटर्स) पिंपरीचा कारखाना साठच्या दशकात सुमंत मुळगावकरांच्या दृष्टीतून आकाराला आला. त्यांनी माळरानावर झाडे लावली, तळे केले आणि शिकाऊ उमेदवारांच्या प्रशिक्षणाला विशेष महत्त्व दिले.

कायद्याचीही चौकट होतीच. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम ४९ तेव्हा सांगत होते की, ५०० किंवा अधिक कामगार असतील तेथे कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे. उपाहारगृहासाठी वेगळे कलम होते. कामगाराचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी एक पगारी माणूस असावा, हे राज्यकर्त्यांना तेव्हाच सुचले होते, ही बाब आजच्या प्रशिक्षकांना क्वचितच ठाऊक असते.

तरीही ठिणगी पडली. राजन नायर या कामगाराला कंपनीने बडतर्फ केले. व्यवस्थापनाच्या लेखी हा शिस्तीचा प्रश्न होता. त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या कामगारांच्या लेखी आपला नेता कोण हे आपणच ठरवण्याचा. १९८८ च्या अखेरीस मुळगावकरांच्या जागी रतन टाटा अध्यक्ष झाले आणि हा पेच त्यांच्या वाट्याला आला. पुढे व्यवस्थापकांवर हल्लेही झाले. त्यांचे समर्थन करता येत नाही. पण त्यानंतर दोन्ही बाजूंना माघार घेणे म्हणजे मानहानी वाटू लागली.

सप्टेंबर १९८९ मध्ये कंपनीने दुसऱ्या संघटनेशी वेतनकरार केला. हिशेबी दृष्टीने प्रश्न तेथेच मिटायला हवा होता. प्रत्यक्षात नायर यांच्यामागचे हजारो कामगार पुण्यात शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले! पगारवाढ समोर असताना माणसे उपाशी बसतात, तेव्हा भांडण पैशाचे उरलेले नसते. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते. महिनाअखेरीस पहाटेपूर्वी पोलिसांनी उपोषणकर्त्यांना ताब्यात घेतले आणि आंदोलन मोडले.

कंपनी जिंकली, असा याचा सरधोपट अर्थ लावला जातो. खुद्द रतन टाटांनी पुढे दिलेली कबुली अधिक बोलकी आहे : आपण कामगारांसाठी शक्य ते सारे करत आहोत असे कंपनीने मानले होते, म्हणजेच त्यांना गृहीत धरले होते. सोयी भरपूर होत्या. त्या पुरेशा आहेत का, हे विचारायचे राहून गेले होते.

२०१३ मध्ये चाकणला बजाज ऑटोच्या कामगारांनी ५० दिवस संप केला. त्यांच्या मागण्यांपैकी एक होती : प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर, प्रत्येकी १ रुपया दराने. कंपनीने ती फेटाळली आणि ऑगस्टमध्ये संप मागे घेतला गेला. अनेकांनी ही मागणी हास्यास्पद ठरवली. शेअर या शब्दाचा साधा अर्थ 'वाटा' असा आहे, इकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही.