गॅलरीतल्या गप्पा: गिरणगावाचे न लिहिलेले दप्तर

१/
चाळीचा नकाशा सरकारी दप्तरात सापडतो, भाडेपावत्या सापडतात, पोलिसांचे अहवालही सापडतात. संध्याकाळी कठड्याला रेलून चाललेली थट्टामस्करी मात्र कोणत्याच दप्तरात नाही. तरीही गिरणगावातील दंगे आणि संप समजून घ्यायचे, तर या गप्पांना वगळून पुढे जाता येत नाही. #थ्रेड #इतिहास

२/
कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील चार दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, वरळी या पट्ट्यात गिरण्यांची धुराडी उभी राहिली. रत्नागिरी-सावंतवाडीहून बोटीने कोकणी माणूस आला. साताऱ्याकडून घाट उतरून देशावरचा आला. कुटुंब बहुधा गावीच राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांची संख्या निम्म्याच्या आसपास होती, यावरून चाळींच्या घडणीची कल्पना येते.

३/
एका खोलीत दहा-पंधरा गडी. दिवसपाळीचे उठत, तेव्हा रातपाळीचे त्याच जागेवर पाठ टेकत. कित्येक खोल्या एकाच गावच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या असत. पेटी ठेवण्यापुरती जागा खोलीत, आणि उरलेले आयुष्य बाहेर: गॅलरीत, जिन्यात, नळावर, नाक्यावर.

‘चाळीतली माणसे मोकळ्या मनाची होती’ असे आपण सहज म्हणतो. मनाचा मोकळेपणा नाकारण्याचे कारण नाही. पण खोलीत बसायला जागाच नव्हती, हे आधी लक्षात घ्यावे लागते.

४/
गप्पांना जागा लागते तसा वेळही लागतो. एकोणिसाव्या शतकातील गिरणी उजाडता सुरू होई आणि मावळता थांबे. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील प्रमुख मागणी रविवारच्या सुट्टीची होती. ती मान्य व्हायला १० जून १८९० उजाडावे लागले.

या सुट्टीचा इतिहास कामगार कायद्यांच्या प्रकरणात सांगितला जातो. तो गप्पांच्या इतिहासातही सांगायला हरकत नाही. भजनी मंडळे, आखाडे, गावकीच्या बैठका आणि नुसतेच पाय पसरून बसणे, हे सारे त्या एका दिवसाच्या आधाराने वाढले.

५/
बोलणे काय चाले? कोणाच्या गावी पाऊस झाला, कोणाची मनीऑर्डर पोहोचली, मुकादमाने कोणाला परत पाठवले, खाणावळीतल्या आमटीत आज डाळ किती होती. कोकणी गडी घाटावरच्याच्या बोलीची नक्कल करी, घाटावरचा कोकण्याच्या चिकटपणावरून टोमणा मारी. कोणाला त्याच्या गावाच्या नावाने हाक, कोणाला त्याच्या खोडीच्या नावाने. वरवर पाहता यात इतिहासाला उपयोगी असे काहीच नाही.

६/
इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारवर्गाचा अभ्यास करताना नेमक्या या ‘निरुपयोगी’ जागेकडे लक्ष वेधले. कामगारांचे राजकारण केवळ गिरणीच्या फाटकाआत घडले नाही, ते वस्तीतही घडले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कोणत्या खात्यात बदली कामगार हवा आहे, कोणता वाणी उधारी देतो, कोणता पठाण व्याजासाठी काठी घेऊन येतो, ही माहिती सूचनाफलकावर नसे. ती थट्टेतूनच फिरे. ज्याच्याशी कोणी थट्टा करत नाही, त्याला उधारीसाठी शब्द टाकणाराही कोणी नसे.

७/
आता सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. पालिकेने घरे तपासणे, रुग्णांना जबरदस्तीने रुग्णालयात हलवणे सुरू केले. आणि गॅलरीतल्या गप्पांचा सूर पालटला.

रुग्णालयात गेलेला परत येत नाही, हे डोळ्यांना दिसत होतेच. कारण मात्र कुजबुजीतून तयार झाले: तेथे माणसांना मारून त्यांच्या शरीरातून ‘मोमियाई’ काढतात, अशी आवई उठली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला.

८/
तत्कालीन अधिकाऱ्यांनी हे अज्ञानाचे लक्षण ठरवले. तो निष्कर्ष फार सोपा आहे. ज्या लोकांना घरातून उचलून नेताना कोणी कारण सांगत नव्हते, त्यांनी कारण स्वतः रचले. अफवा खोटी होती. तिच्या मुळाशी असलेली भीती खोटी नव्हती. कोणत्या वाण्याकडे उधारी मिळते हे सांगणारी साखळीच मोमियाईची बातमीही वाहून नेत होती, आणि त्या साखळीत खऱ्या-खोट्याची चाळणी नव्हती.

९/
प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, पुढे १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. बी.आय.टी. आणि बी.डी.डी. ही आजही तोंडी असलेली नावे त्यांचीच. वरळी १२१, नायगाव ४२, ना. म. जोशी मार्ग ३२, शिवडी १२: बी.डी.डी.च्या एकूण २०७ इमारती. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, नळ आणि शौचालये सामाईक. सरकारने हवा-उजेडाचे गणित मांडले होते. नळावरच्या रांगेत काय बोलले जाईल, याचे गणित कोणी मांडले नव्हते.

१०/
मधल्या काळातील एक प्रसंग. २२ जुलै १९०८ रोजी रात्री उशिरा टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. आकाशवाणी नव्हती, बहुसंख्य कामगारांना वाचता येत नव्हते. तरीही दुसऱ्या दिवसापासून सहा दिवस गिरणगाव बंद राहिले. सरकारला लष्कर आणावे लागले, गोळीबार झाला. चाळीत एखादाच अक्षरओळख असलेला असे. तो वृत्तपत्र मोठ्याने वाची आणि भोवतीचे त्यावर मल्लिनाथी करीत. एका अंकाला किती वाचक, हा प्रश्न गिरणगावापुरता चुकीचा आहे. किती श्रोते, हे विचारायला हवे.

११/
१९२८ चा संप सुमारे सहा महिने चालला. संघटनेचा निधी इतक्या लोकांना पुरणारा नव्हता. वाण्याची उधारी, खाणावळवालीची सबुरी, गावाकडून आलेले तांदूळ यांवर माणसे टिकली. खाणावळ चालवणारी बाई महिनाअखेरीच्या पैशांसाठी थांबे, कारण तिला रोज जेवायला येणाऱ्याचे गाव, घर, स्वभाव आणि थापा चारही ठाऊक असत. वर्षानुवर्षांच्या हसण्या-बोलण्यातून जमलेली ही माहिती म्हणजेच तिचे तारण.

१२/
इथवरची हकिकत रम्य वाटत असेल, तर थांबावे.

याच १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक अवघड प्रश्न पुढे केला. अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरकाव नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे. त्या धोट्याला इतर कामगारांना तोंड लावायचे नव्हते. बाबासाहेब स्वतः परळच्या बी.आय.टी. चाळ क्रमांक १ मध्ये ५० व ५१ क्रमांकाच्या खोल्यांत अनेक वर्षे राहिले होते. गॅलरी त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती.

१३/
एकाच गिरणीत काम, एकाच नाक्यावर चहा, एकमेकांना टोमणे. आणि पाण्याच्या भांड्यापाशी सारे थबके. चाळीही पुष्कळदा जातीनिहाय वाटल्या गेल्या होत्या. म्हणजे ‘सगळे सगळ्यांशी बोलत’ हे वाक्य अपुरे आहे. कोण कोणाची थट्टा करू शकतो आणि कोणाला ती निमूट ऐकून घ्यावी लागते, हेही ठरलेले होते.

जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल पेटली. एका बाजूला दलित पँथर, दुसऱ्या बाजूला शिवसैनिक. दगड शेजारच्या इमारतींतून आले. फेकणारे आणि झेलणारे एकमेकांना चेहऱ्याने ओळखणारे होते.

१४/
स्त्रियांचे काय? पुरुषांना कठडा आणि नाका, स्त्रियांना नळ आणि धुण्याची मोरी. गिरणीतील वाइंडिंग-रीलिंग खात्यांतून आलेली बाई नळाच्या रांगेतच दिवसभरात पहिल्यांदा स्वतःसाठी बोले. पण कोणाची मुलगी उशिरा आली, कोणाच्या घरी कोण आले, याची नोंदही त्याच रांगेत होई. शेजार हा आधार होता, तसाच पहाराही. ज्यांनी चाळ सोडून जाण्याची घाई केली, त्यांत तरुण मुली आणि नव्या सुना का असाव्यात, याचे उत्तर इथे शोधावे.

१५/
मराठी मनातील चाळ बरीचशी पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकातून आणि सई परांजपे यांच्या ‘कथा’ चित्रपटातून आलेली आहे. दोन्ही कलाकृती अव्वल. पण ती चाळ पांढरपेशांची. गिरणगावाच्या चाळीचा आवाज ऐकायचा तर मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या मुलाखतींतून उभा केलेला मौखिक इतिहास वाचावा. बोलण्यातून घडलेल्या जगाची नोंद अखेर बोलण्यातूनच झाली, हे योग्यच.

१६/
१८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. या वेळीही उधारी, खाणावळ आणि गाव यांनी हात दिला. पण हा संप महिन्यांत मोजता आला नाही. वाण्याची वही भरली. अनेकांनी गाव गाठले, अनेकांनी मिळेल ते काम धरले. गॅलरीत संध्याकाळी माणसे कमी दिसू लागली, आणि जी होती ती एकमेकांना ‘कामाचे काय झाले?’ हे विचारणे टाळू लागली. मुलाखतींतून जाणवणारी ही शांतता संपाच्या आकडेवारीत उतरत नाही.

१७/
ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. पुनर्विकासातील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० मध्ये. नळ घरात, शौचालय घरात, दार बंद करून बसता येईल अशी जागा घरात. शंभर वर्षे रांगेत उभ्या राहिलेल्या पिढ्यांना हे फार आधी मिळायला हवे होते. टॉवर चाळीस मजल्यांचा आहे. शेजारी तेच, पण आता ते लिफ्टमध्ये भेटतात, तेही आपला मजला येईपर्यंत.